लपवलेला डाग वाढतो



आम्ही दोघी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काम करतो. एक डॉक्टर, एक नर्स. मागच्या महिन्यात आम्ही म्हटलं होतं, की कातडीचे आणि केसांचे जे काही प्रश्न असतील ते चिठ्ठीवर लिहून अंगणवाडीतल्या डब्यात टाका. चिठ्ठ्या आल्या, चांगल्या पिशवीभर आल्या. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. ताप आला, पोट दुखलं, तर आपण चारचौघींत सांगतो. पण या चिठ्ठ्यांत कितीतरी जणींनी शेवटी लिहिलंय, 'माझं नाव सांगू नका', 'सासूबाईंना कळू देऊ नका', 'मुलीचं लग्न ठरायचंय'. म्हणून आज कुणाचं नाव नाही, कुणाचं गाव नाही. प्रश्न मात्र वाचणार, कारण एकीचा प्रश्न हा दहा जणींचा असतो.

पहिली चिठ्ठी अशी आहे : 'परकराची नाडी बांधते तिथं कमरेला आणि जांघेत गोल गोल चट्टे आलेत. रात्री खाजवून जीव जातो. मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की आठ दिवस बरं वाटतं. बंद केली की दुप्पट होतं. असं का?'

ताई, हे बहुतेक गजकर्ण आहे. कुणी नायटा म्हणतात. हा रक्तातला दोष नाही, कुणाचा शाप नाही, आणि तुम्ही अस्वच्छ आहात असंही नाही. ही बुरशी आहे. पावसाळ्यात भाकरीवर, लोणच्यावर बुरशी येते ना, तशीच पण वेगळ्या जातीची. तिला ओल लागते, ऊब लागते. आता लावणीचे दिवस आहेत. दिवसभर ओल्या लुगड्यात वाकून काम करायचं, घरी आलं की तसंच स्वयंपाकाला लागायचं. नाडीखाली, जांघेत, छातीखाली कातडी ओलीच राहते. बुरशीला आणखी काय हवं?

आता ट्यूबचं बघू. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड नावाचं औषध मिसळलेलं असतं. खाज आणि लाली म्हणजे काय? घरात चोर शिरला म्हणून राखणीचा कुत्रा भुंकतोय. स्टेरॉइड त्या कुत्र्याला झोपवतं. भुंकणं थांबतं, आपल्याला वाटतं चोर गेला. चोर आतच असतो, आणि आता त्याला मोकळं रान मिळतं. म्हणून आठ दिवस बरं, मग दुप्पट. महिनोन्‌महिने लावत राहिलं तर तिथली कातडी कागदासारखी पातळ होते, बाळंतपणानंतर पोटावर उमटतात तसे पट्टे जांघेत कायमचे उमटतात, आणि साध्या औषधाने बरं होणारं गजकर्ण हट्टी होऊन बसतं.

दुसरी चिठ्ठी एका मुलीची आहे : 'चेहरा उजळ व्हावा म्हणून मैत्रिणीने सांगितलेलं क्रीम लावते. आधी छान उजळला. आता उन्हात गेलं की आग होते, पुरळ उठतं, गालावर लव वाढलीय. क्रीम सोडलं की चेहरा लालबुंद होतो. काय करू?'

या मुलीला उत्तर देण्याआधी आमच्यातल्याच एकीची गोष्ट सांगतो. आमच्या नर्सताईंची. त्यांची परवानगी आहे, त्या इथं शेजारीच बसल्यात. लग्नाआधी बघायला पाहुणे यायचे आणि मुलगी सावळी म्हणून परत जायचे. तेव्हा त्या शिकत होत्या, औषधांची नावं पाठ होती. तरी एका दुकानातून आणलेली ट्यूब त्यांनी सात महिने चेहऱ्याला लावली. घरात कुणाला सांगितलं नाही. उशीखाली ठेवायच्या. लग्न झालं आणि चेहरा पेटला. दोन वर्षं उपचार घ्यावे लागले. गालावरच्या बारीक लाल शिरा अजून दिसतात. त्या म्हणतात, "मला माहीत नव्हतं असं नाही. मला विचारायची लाज वाटली. ट्यूब घेताना कुणाला काही सांगावं लागत नाही, म्हणून मी ट्यूब घेतली."

मैत्रिणींनो, खरं दुखणं हे आहे. आपण दाखवायला लाजतो, आणि आपल्या त्या लाजेवर ट्यूब खपते.

तर मुली, तुला उत्तर. ते क्रीम आता पुन्हा लावू नकोस. सोडल्यावर काही आठवडे चेहरा लाल होईल, आग होईल. तेव्हा घाबरून परत क्रीमकडे वळू नकोस, दवाखान्यात ये. त्या काळात काय लावायचं ते आम्ही देतो. येताना ट्यूब घेऊन ये, रिकामी असली तरी चालेल. आणि रंगाचं म्हणशील, तर जन्माचा रंग कोणत्याही क्रीमने बदलत नाही. काही बेनामी क्रीममध्ये तर पारा घातलेला सापडतो. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं खराब करतो. डबीवर कंपनीचा पत्ता नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, असं काहीही चेहऱ्याला लावायचं नाही.

स्टेरॉइड ओळखायचं कसं? पेटीवर बारीक अक्षरात नाव असतं. घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी दुकानात मागितलं की मिळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. स्टेरॉइड हे काही विष नव्हे. काही आजारांत आम्हीच ते लिहून देतो, पण किती दिवस, कुठं, किती, हे मोजून देतो.

गजकर्णाचं औषध नीट घ्यायचं तर चार गोष्टी पाळा. एक, डॉक्टरांनी दिलेलं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावा, कारण बुरशी कडेने पसरते. दोन, चट्टा गेला म्हणून औषध थांबवू नका. पुढं दोन आठवडे तरी लावायचं असतं. बहुतेक जणी इथंच चुकतात. तीन, पंचा, टॉवेल, आतले कपडे प्रत्येकीचे वेगळे, गरम पाण्यात धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. आपण काय करतो, आतले कपडे कुणाला दिसू नयेत म्हणून साडीखाली नाहीतर मोरीत वाळत घालतो. ते ओलेच राहतात. घाला उन्हात. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. चार, घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांनी एकदम औषध घ्या. नाहीतर तुम्ही बऱ्या होता आणि नवऱ्याकडून परत घेता.

आता तिसरी चिठ्ठी. ही आम्ही दोनदा वाचली. 'पाठीवर फिकट डाग आहे, वर्ष झालं. दुखत नाही, खाजत नाही. म्हणून दवाखान्यात आले नाही. यायची गरज आहे का?'

आहे. लगेच या.

खाजणारा डाग आपल्याला झोपू देत नाही म्हणून आपण काहीतरी करतो. न खाजणारा, न दुखणारा डाग कुणी मनावर घेत नाही. पण कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर डाग असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. घरी एक साधी तपासणी करा. डोळे मिटा. जावेला किंवा मुलीला सांगा, कापसाचं टोक डागावर हलकेच टेकव, मग बाजूच्या चांगल्या कातडीवर टेकव. जिथं स्पर्श झाला तिथं बोट ठेवून दाखवा. डागावरचा स्पर्श कळला नाही, तर दुसऱ्या दिवशीच आरोग्य केंद्रात जा. आणि स्पर्श कळला तरी वर्षाचा जुना डाग एकदा दाखवाच. हातापायाला मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तवा उतरवताना बोट भाजलेलं कळत नसेल, तरीही जा.

नाव ऐकूनच पोटात गोळा येतो, हे आम्हाला कळतं. आपल्या आज्या याला महारोग म्हणायच्या. घराबाहेर काढायचे माणसाला. बाबा आमटे आणि साधनाताईंनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं, ते अशाच हाकललेल्या माणसांसाठी. पण आज तो काळ राहिलेला नाही. हा आजार एका जंतूने होतो. पापाने होत नाही, आईकडून पोटातल्या बाळाला वारशाने येत नाही. बहुतेकांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद असतेच. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली, तेव्हापासून तो पुरता बरा होतो. औषध 6 महिने किंवा 12 महिने, सरकारी केंद्रात फुकट. औषध सुरू झालं की थोड्याच काळात त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होत नाही. वेगळं ताट नको, वेगळी खोली नको. बोटं झडतात ती उशीर केल्यामुळे. बधिर हाताला भाजतं, लागतं, ते कळत नाही, जखमा चिघळतात. लवकर औषध घेतलं तर यातलं काहीच होत नाही.

आणखी एक सांगतो, कारण एका चिठ्ठीत विचारलंय, 'कळलं तर नवरा सोडेल का?' पूर्वी कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यात लिहिलेलं होतं. 2019 मध्ये ते काढून टाकलं. आज या आजाराच्या नावाखाली कुणी तुम्हाला घटस्फोट देऊ शकत नाही. आशाताई तपासायला घरी येतात तेव्हा 'आमच्याकडे काही नाही' म्हणून त्यांना दारातूनच पाठवू नका. आत घ्या, पाठ दाखवा. आपली पाठ आपल्याला दिसत नाही.

याच्या उलट गोंधळ पांढऱ्या कोडाचा होतो. एका आईने लिहिलंय, 'मुलीच्या ओठाजवळ आणि बोटांवर दुधासारखे पांढरे डाग आलेत. लोक कुष्ठ म्हणतात. मासे खाऊन दूध प्यायल्यामुळे झालं का?' नाही हो वहिनी. कोड वेगळं, कुष्ठरोग वेगळा. कोडाच्या डागावर स्पर्श नीट कळतो. अंगाची राखण करणारी शक्ती चुकून स्वतःच्याच रंग बनवणाऱ्या पेशी मारते, म्हणून रंग जातो. मासे-दुधाचा संबंध नाही. ते शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. डाग नवे असताना औषध सुरू केलं तर पुष्कळदा रंग परत येतो. सगळ्यांचा येतोच असं खोटं आम्ही सांगणार नाही. पण त्या मुलीला वर्गात वेगळं बसवणं, हळदी-कुंकवाला न बोलावणं, हे तर आपल्या हातात आहे ना? तेवढं थांबवू या.

टिकलीखाली पांढरा डाग पडला, अशाही तीन-चार चिठ्ठ्या आहेत. काही टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं, की त्याने तेवढ्या जागेचा रंग जातो. टिकली लगेच बंद करा, डाग दाखवा. टिकलीशिवाय कपाळ मोकळं वाटत असेल तर सध्या मोकळंच राहू द्या. कातडीपेक्षा टिकली मोठी नाही.

आता केसांकडे येऊ. 'बाळ चार महिन्यांचं आहे. विंचरलं की हातात ओंजळभर केस येतात. टक्कल पडेल का?' नाही पडणार. रोज 50 ते 100 केस गळणं सगळ्यांचंच असतं. पोटात बाळ असताना गळायचे केस थांबून राहतात, आणि बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी एकदम गळतात. वर्षभरात बहुतेक परत येतात. टायफॉइड, डेंग्यू अशा मोठ्या तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी असंच होतं.

पण बाळ नाही, ताप नाही, आणि केस विरळ होत चाललेत, जिना चढताना दम लागतो, डोळ्यांची आतली बाजू पांढुरकी दिसते, तर तेलाची बाटली बदलू नका, रक्त तपासा. तेलाने केस मऊ राहतो. केसाच्या मुळाला अन्न रक्तातून मिळतं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या 100 बायकांमागे 54 जणींना रक्त कमी असल्याचं दिसलं. म्हणजे हे ऐकणाऱ्या दोघींतली एक. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. जेवताना लिंबू पिळा, आवळा खा. पालेभाजी, हळीव, तीळ, खात असाल तर अंडं-मटण खा. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची सवय सोडा. शी काळी होईल, त्याला घाबरू नका. अंगावरून जास्त जात असेल, वजन उगाच वाढलं असेल, तर तेही सांगा. थायरॉइडही बघावं लागतं.

एक चिठ्ठी वेगळी आहे. 'माझ्या मुलीच्या केसात जट झालीय. घरचे म्हणतात देवीचं बोलावणं आहे, कापली तर कोप होईल. मुलगी आठवीत आहे. मानेला ओझं होतं, शाळेत जायला नको म्हणते.'

ताई, तुम्ही हे लिहिलंत, तुमचं धाडस मोठं आहे. केस नीट धुतले नाहीत, विंचरले नाहीत, त्यात तेल-धूळ बसली की केसांचा गुंता होतो. पुढं तो नमद्यासारखा घट्ट होतो. मग देवीचं म्हणून भीतीने कुणी हात लावत नाही, हळद-कुंकू भरतात, आणि जट वाढतच जाते. आत उवा होतात, जखमा होतात, मान दुखते. केसाला जीव नसतो, म्हणून कापताना दुखत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांच्या जटा त्यांना समजावून, घरच्यांच्या देखत कापल्यात, आणि त्या बायका आज केस विंचरून मोकळ्या मानेने हिंडतात. मुलीला देवीला सोडणं हा तर गुन्हाच आहे, त्यासाठी राज्यात 2005 चा कायदा आहे. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी ठेवा, पण मुलीची मान मोकळी करा. एकटीला भीती वाटत असेल तर गटातल्या दोघी-चौघींना बरोबर घेऊन या. आम्ही इथं आहोत.

थोडक्यात आणखी दोन गोष्टी. डोक्यात उवा झाल्या तर रॉकेल किंवा शेतावरचं औषध कधीही लावू नका. ते टाळूतून अंगात जातं, लेकरांच्या जिवावर बेततं. ओल्या केसांना बारीक फणी, आणि दवाखान्यातलं उवांचं औषध, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांचं डोकं बघायचं. आणि केस काळे करायची पाकिटातली काळी मेहंदी लावण्याआधी थेंबभर कोपरावर लावून दोन दिवस थांबा. खाज आली, पुरळ उठलं, तर ती तुमच्यासाठी नाही. डोळे सुजून दवाखान्यात येण्यापेक्षा पांढरे केस बरे!

वेळ संपत आली. बचत गटाच्या पुढच्या बैठकीसाठी दोन कामं देतो. पहिलं, हप्ता भरायला याल तेव्हा घरात पडलेल्या सगळ्या ट्यूब घेऊन या. एका जागी मांडा, मोठ्याने नावं वाचा, आम्ही सांगितलेली नावं निघाली तर बाजूला काढा. दुसरं, बैठक संपल्यावर दार लावून घ्या आणि दोघी-दोघींनी एकमेकींची पाठ बघा. डाग दिसला तर कापसाचं टोक टेकवून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला हसाल, लाजाल. लाजा, पण बघा.

नर्सताई म्हणतात, "माझी उशी कुणी उचलली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती." तुमच्या शेजारणीच्या, जावेच्या, लेकीच्या उशीखाली काय आहे, ते जरा प्रेमाने विचारा. रागावू नका. आणि तिला बरोबर घेऊन या. एकटी यायला पाय उचलत नाही, दोघी असल्या की उचलतो.

चिठ्ठ्या टाकत राहा. नाव लिहायची गरज नाही. नमस्कार!